न केलेली सही

२ जून, सोमवार

सकाळी दहा चाळीसला घटस्फोटाचं विधेयक राष्ट्राध्यक्षांच्या पॅलेसच्या आवक खिडकीवर आलं. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण लूर्देसने शिक्क्यावर बोट ठेवून ती मला वाचून दाखवली. लूर्देस पांगान माझी कार्यकारी सचिव. आधीच्या राष्ट्राध्यक्षांकडेही तीच होती. त्यांच्या अंत्ययात्रेची व्यवस्था तिनेच केली आणि माझ्या शपथविधीच्या खुर्च्याही तिनेच मांडून घेतल्या. तेव्हापासून मला वाटतं, ती माझ्याकडे पाहते तेव्हा मोजमाप घेते.

तिने टेबलावर दोन फायली ठेवल्या. एकीत सही करायची प्रत, दुसरीत व्हेटोचं पत्र, कारणांची जागा कोरी. मी गंमत म्हणून विचारलं, तिसरी कुठे आहे? राष्ट्राध्यक्षाने सही केली नाही आणि व्हेटोही केला नाही, तर शिक्क्यापासून तीस दिवस उलटले की विधेयक आपोआप कायदा होतं. बावीस वर्षं न्यायाधीश राहिलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

"तिसरीला फाईल लागत नाही, सर," लूर्देस म्हणाली. "कॅलेंडर लागतं."

बाई तिखट आहे. पण माझ्याशी सरळ बोलणारी या इमारतीत ती एकटीच.

दीड वर्षापूर्वी राष्ट्राध्यक्ष झोपेत गेले आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणून मी या खुर्चीवर आलो. लोकांनी मला इथे निवडून आणलं नाही, मी उरलो. आणि उरलेल्या माणसाच्या पानात नेमकं हे वाढून ठेवलंय. आमच्या देशात घटस्फोट नाही. लग्न झालंच नव्हतं असं कोर्टात सिद्ध करता आलं तर सुटका, नाहीतर जन्मभर गाठ. वीस वर्षं हे विधेयक सिनेटमध्ये बुडत होतं. या खेपेला एका मताने तरलं.

वर्तमानपत्रांनी आज पहिल्या पानावर माझा आणि फेलिसाचा फोटो छापला. माझी एकुलती मुलगी नऊ वर्षं नवऱ्यापासून वेगळी राहते. नवरा रॉडेल हा सिनेटर ऑक्टाव्हियो काबान्येसचा मुलगा. म्हणजे ज्याने मला राजकारणात आणलं तो माझा व्याही.

फेलिसाचा फोन आला नाही. मीही केला नाही. न्यायाधीशाने पक्षकाराला फोन करायचा नसतो.

५ जून

नाश्त्याच्या वेळी ऑक्टाव्हियो न कळवता आला. त्याला दारावर कुणी अडवत नाही. नेहमीप्रमाणे गिमारासच्या आंब्यांची करंडी घेऊन आला, आणि नेहमीप्रमाणे त्यातले तीन त्यानेच खाल्ले. मी माझी सुकी मासळी आणि लसणाचा भात खात बसलो. इतक्या दिवसांनी टेबलावर दुसरी बशी पाहून बरं वाटलं, हे कबूल करतो.

मला वाटलं होतं, तो व्हेटो मागेल. मतदानात त्याने विरोध केलाच होता. पण माणूस पोचलेला आहे.

"व्याही, मी सही करू नका म्हणत नाही आणि व्हेटो करा असंही म्हणत नाही," तो म्हणाला. "व्हेटो केलात तर बायका रस्त्यावर येतील. सही केलीत तर लोक म्हणतील, बापानेच जावयाला दोषी ठरवलं. मी एवढंच म्हणतो, तुमचं नाव त्या कागदावर कशाला हवं?"

सल्ला वाईट नाही. जाताना सांगून गेला की रॉडेल हल्ली पीत नाही. हे तो अकरा वर्षं सांगतोय, तेव्हा कधीतरी खरं झालं असणार.

८ जून, रविवार

प्रार्थनेनंतर आर्चबिशप एलिझाल्दे कपभर चॉकलेट प्यायला थांबले. विधेयकाचा विषय त्यांनी काढला नाही. "आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहोत," एवढंच तीनदा म्हणाले. माझ्या कोर्टात एखादा वकील असं म्हणाला असता तर मी त्याला विचारलं असतं, ही विनंती आहे की धमकी?

त्यांनी विचारलं, फेलिसा चर्चला जाते ना? मी हो म्हणालो. जाते की नाही, मला माहीत नाही.

१२ जून

स्वातंत्र्यदिन. सकाळी आठला झेंडा, तोफा, शाळकरी मुलांचं गाणं. शिष्टाचार विभाग अजूनही माझ्या डाव्या हाताला एक खुर्ची ठेवतो. कन्सुएलो जाऊन तीन वर्षं झाली, पण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची खुर्ची नियमात आहे, आणि नियमातली गोष्ट काढायची तर कुणीतरी हुकूम द्यावा लागतो. मी दिलेला नाही. त्या खुर्चीवर हॅट ठेवतो.

१५ जून, रविवार

आज फादर्स डे. फेलिसा जेवायला आली. आल्यावर रीतीप्रमाणे माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. तेवढ्यात मला तिच्या केसांतले पांढरे दिसले. बेचाळीस वर्षांची झाली.

ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. हातवाऱ्यांच्या भाषेत. तिचं डावं मनगट पूर्ण वळत नाही, त्यामुळे काही खुणा अर्ध्याच होतात. मी विचारलं, मुलांना कळतं का? म्हणाली, "कळतं. नवीन आलेलं मूल आठवडाभरात शिकतं की बाईंचा हात असाच बोलतो."

आचाऱ्याने तिच्यासाठी शेंगदाण्याच्या रश्शातलं बैलाच्या शेपटीचं मांस केलं होतं. ती दोन घास खाऊन थांबली. मग म्हणाली, लोक म्हणतात तुम्ही काहीच करणार नाही.

"नाही केलं तर काय बिघडलं?" मी म्हणालो. "कायदा तर होईलच."

"होईल. आणि मला तो हवाय. घरासाठी कर्ज मागितलं तर बँक आजही म्हणते, नवऱ्याची सही आणा. पण पापा, कायदा झाला तर तो तुमच्या सहीने व्हावा, असं मला वाटतं."

"दोन्हींचा परिणाम एकच आहे. फरक काय?"

"तुम्ही न्यायाधीश आहात. शोधा."

मला हे कोड्यात बोलणं आवडत नाही. मी तिला आठवण करून दिली की लग्न रद्द करून घे, वकील मी देतो, असं मी सात वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तिनेच नको म्हटलं.

"लग्न झालंच नव्हतं असं लिहून द्यायचं?" ती म्हणाली. "मग हात कुणी मोडला, पापा?"

यावर मी पाणी प्यायलो. ती बराच वेळ टेबलावरच्या जाळीच्या कापडाशी चाळा करत होती. मग तिने विचारलं, मी बॅग घेऊन आले होते त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं? बरंच काही म्हणालो असेन, असं मी सांगितलं.

"'हात मोडलाय, संसार मोडलेला नाही,'" ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. मग उठली, पुन्हा माझा हात कपाळाला लावला आणि गेली. केक आणला होता तो तसाच राहिला. मला मधुमेह आहे हे ती विसरली, की मीच कधी सांगितलं नव्हतं, कोण जाणे.

ते वाक्य मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच असणार. त्या काळात माझ्या निकालांतली वाक्यं इलोइलोची वर्तमानपत्रं चौकटीत छापत.

१६ जून

तो दिवस नीट लिहून ठेवतो, म्हणजे मनातून जाईल.

अकरा वर्षांपूर्वी, इलोइलोच्या आमच्या घरी. एप्रिल संपत आला होता. नुकतंच न्यायाधीशपद सोडून मी पहिल्यांदा निवडणुकीला उभा होतो आणि मतदानाला तीन आठवडे उरले होते. प्रचाराचा सगळा भार ऑक्टाव्हियोच्या माणसांवर. फेलिसा सकाळीच आली, हाताला शाल गुंडाळलेली. मी डॉक्टरला बोलावलं. मग मी दोन्ही बाजू ऐकल्या, हे माझ्या बाजूने नमूद करतो. रॉडेलला फोन केला. तो रडला. म्हणाला, ती जिन्यावरून पडली. ती म्हणाली, त्याने पिरगळला. तिसरा साक्षीदार नव्हता. कोर्टात असतो तर संशयाचा फायदा मला त्याला द्यावाच लागला असता.

संध्याकाळपर्यंत तिची समजूत पटली आणि तेमिओ तिला गाडीने तिच्या घरी सोडून आला. तेमिओ तेव्हाही माझा ड्रायव्हर होता, आजही आहे. कन्सुएलो निरोप द्यायला खाली आली नाही. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोललीही नाही, पण त्या दिवसांत तिचं डोकं फार दुखायचं.

निवडणूक मी जिंकलो. दोन वर्षांनी फेलिसाने आपणहून रॉडेलला सोडलं आणि मैत्रिणीकडे जाऊन राहिली. आमच्या घरात चार खोल्या रिकाम्या होत्या. ती आमच्याकडे का आली नाही, हे मी कधी विचारलं नाही. मोठ्या माणसांच्या निर्णयात नाक खुपसू नये.

लिहून काढलं, पण गेलं नाही.

२१ जून

दुपारभर बसून दोन मसुदे लिहिले. एक व्हेटोचं पत्र, एक सहीच्या वेळी करायचं भाषण. बऱ्याच दिवसांनी हात मोकळा चालला. व्हेटोच्या पत्रात कुटुंबसंस्थेवर लिहिलेला परिच्छेद वाचून माझे मलाच डोळे भरून आले. भाषणातला, दार बंद झालेल्या स्त्रियांचा परिच्छेदही तितकाच जमलाय.

लूर्देसने दोन्ही वाचले, चष्मा काढला. "दोन्ही सुंदर आहेत, सर," ती म्हणाली. "यातलं तुमचं मत कुठलं?"

मी म्हटलं, विचार चालू आहे. ती म्हणाली, एकोणीस दिवस झाले.

२४ जून

संत जॉनचा दिवस. सान हुआनमध्ये आज लोक दिसेल त्याला पाण्याने भिजवतात, आणि आमच्या ताफ्याला नेमकं तिथूनच जायचं होतं. मला वारा हवा होता म्हणून काच खाली होती. एका बाईने गच्चीवरून अख्खी बादली ओतली. सुरक्षारक्षक पिस्तुलाला हात घालू लागले आणि तेमिओ स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटला. मीही हसलो. शर्टातून पाणी ठिबकत होतं आणि मी हसत होतो. कितीतरी महिन्यांनी.

पॅलेसवर परतल्यावर हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. कन्सुएलोला सांगितलं असतं तर तिने आधी टॉवेल आणला असता आणि मग हसली असती. फेलिसाचा नंबर लावला. वाजायच्या आत बंद केला. प्रकरण विचाराधीन असताना ते योग्य दिसलं नसतं. शेवटी आचाऱ्याला सांगितलं. तो "हो सर" म्हणाला.

कपडे बदलताना मन स्थिर झालं. इकडे आड तिकडे विहीर असेल तर माणसाने जागचं हलू नये. मी सही करणार नाही, व्हेटोही करणार नाही. फेलिसाला कायदा मिळेल, ऑक्टाव्हियोचा मान राहील, चर्चला माझ्याकडे बोट दाखवता येणार नाही. कुणाचंच नुकसान नाही, असा हा एकच मार्ग आहे. इतकं सोपं होतं तर मला बावीस दिवस का लागले, कळत नाही.

२९ जून

फेलिसाचा मेसेज: "फरक सापडला का?"

उत्तर दिलं नाही. अजून तीन दिवस आहेत, तोवर काही बोलणं बरं नव्हे.

२ जुलै, बुधवार

तिसावा दिवस.

पाच वाजता लूर्देस दोन्ही फायली घेऊन आली आणि उघडून माझ्यापुढे ठेवल्या. पेनही ठेवलं. बसली नाही. मी म्हटलं, बस. म्हणाली, उभीच बरी आहे. खिडकीतून पासिग नदी दिसते. भरतीमुळे जलपर्णीची हिरवी बेटं उलटी वर सरकत होती. मी ते बघत राहिलो. खोटं कशाला लिहू, एकदा पेन उचललं. सहीची फाईल जवळ ओढली. माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढायला हात पुढे गेला, आणि डोळ्यांसमोर आलं की उद्या कुणीतरी विचारेल, मग त्या दिवशी तिला परत का पाठवलंत? सही केली तर या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल. न केली तर कुणी विचारणारच नाही.

पेन ठेवलं.

सहा वाजता आवक-जावक खिडकी बंद झाल्याची घंटा वाजली. लूर्देसने फायली उचलल्या. "ठीक आहे, सर," म्हणाली. रोज जाताना ती दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम वाचून दाखवते. आज विसरली.

मी कुणाचाही पक्ष घेतला नाही. हे मी शांत चित्ताने लिहीत आहे.

४ जुलै

कायदा झाला. एका वर्तमानपत्रात माझं व्यंगचित्र आहे, शाळेतल्या बाकावर बसलेला मी, आणि खाली लिहिलंय, हाताची घडी, तोंडावर बोट. चित्र चांगलं आहे, कान मात्र उगाच मोठे काढलेत.

सकाळीच ऑक्टाव्हियोचा फोन आला. "व्याही, उपकार झाले," म्हणाला. आर्चबिशपांनी माणसाहाती चिठ्ठी पाठवली, माझ्या संयमाबद्दल देवाचे आभार मानणारी. कायद्याच्या विरोधात असलेले सगळे माझ्यावर खूश आहेत, हे जरा विचित्र आहे.

दुपारी फेलिसाचा मेसेज आला: "कायदा झाला. आभार कुणाचे मानायचे ते कळेना."

म्हणजे ती आनंदात आहे. मी "अभिनंदन" असं कळवलं. त्यावर काही आलं नाही.

२८ जुलै

संसदेपुढचं वार्षिक भाषण. एक तास दहा मिनिटं. रस्ते, तांदूळ, शाळा, वादळांत पडलेली घरं. घटस्फोटाच्या कायद्याचा उल्लेख लूर्देसने मसुद्यात घातला नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तो तुमचा नाही ना, सर. तुमच्या कामांच्या यादीत कसा घालू?"

गॅलरीत कुटुंबासाठी सहा जागा राखून ठेवतात. पाचांवर मंत्र्यांच्या बायका बसवल्या. सहावी फेलिसाच्या नावाची होती. शाळा आहे, असं तिने कळवलं होतं. मध्येच एकदा तिकडे पाहिलं आणि ओळ चुकलो. तांदळाचा आकडा दोनदा वाचला. कुणाच्या लक्षात आलं नसावं, टाळ्या दोन्ही वेळा पडल्या.

१६ ऑगस्ट

फेलिसाला तीनदा फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, म्हणाली वर्गात आहे. शनिवार होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी तेमिओ आत आला. तो एरवी आत येत नाही, गाडीपाशी थांबतो. चुरगळू नये म्हणून एक कागद दोन्ही हातांत धरला होता. रजेचा अर्ज. तो माझा खासगी माणूस म्हणून इथे आला, त्यामुळे त्याच्या अर्जावर वरिष्ठ म्हणून सही माझीच लागते.

मी विचारलं, घरी सगळं ठीक ना?

"ठीक आहे, सर. सोमवारी कोर्टात जायचंय. फेलिसाबाईंच्या घटस्फोटाच्या केसमध्ये साक्ष आहे."

केस दाखल झाल्याचं मला माहीत नव्हतं. माझ्या ड्रायव्हरला माहीत होतं. मी म्हटलं, तुझी साक्ष कशाची? हात मोडला तेव्हा तू तिथे नव्हतास.

"त्याची नाही, सर. नंतरची. त्या संध्याकाळची. गाडी मी चालवत होतो."

"त्यात काय सांगणार?"

तेमिओने कागदाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्याने माझ्यापुढे कधी तोंड वर करून उत्तर दिलेलं नाही. आजही दिलं नाही, खाली बघूनच बोलला.

"जे झालं ते, सर. फेलिसाबाई गाडीत बसत नव्हत्या. दाराच्या कडेला धरून उभ्या होत्या, चांगल्या हाताने. मॅडम वरच्या खिडकीतून हाका मारत होत्या, थांबवा म्हणून. तुम्ही फेलिसाबाईंची बोटं सोडवलीत आणि दार लावलंत. मग मला म्हणालात, चल. मी चाललो. त्याचं मलाच वाईट वाटतं, म्हणून सांगायला चाललोय. तुमच्याविरुद्ध म्हणून नाही."

कन्सुएलो हाका मारत होती. मी या वहीत लिहिलंय की ती खाली आली नाही. तेही खरं आहे. मी पाठीमागची पानं उलटून पाहिली आत्ता. समजूत पटली, असं लिहिलंय.

मग मी तेमिओला विचारलं, मी येऊन साक्ष दिली तर? जे झालं ते मीही सांगू शकतो.

"साक्षीदारांची यादी मागच्या महिन्यातच गेली, सर," तो म्हणाला. "मी बाईंना विचारलं होतं, पापांचं नाव घालायचं का. त्या म्हणाल्या, नको. पापांना विचारलं तर ते तीस दिवस घेतील."

हे सांगताना तो थोडा हसला. तिनेही हसत म्हटलं असेल, असं वाटतं. तसं असेल तर बरं आहे.

अर्ज टेबलावर होता. मी पेन घेतलं आणि सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख. एका दिवसाच्या रजेऐवजी दोन दिवस केले, कोर्टाचं काही सांगता येत नाही. तेमिओने कागदावर फुंकर घालून शाई वाळवली, घडी केली, खिशात ठेवली. तरी जाईना. दाराजवळ हात बांधून उभा राहिला. मला वाटलं, आणखी एखादा दिवस हवा असेल, म्हणून मी विचारलं, अजून काही? नाही म्हणाला आणि गेला.

फेलिसाला काही निरोप द्यायचा आहे का, यासाठी तो थांबला होता. हे मला तो गेल्यावर कळलं.